'प्रकरण सरांकडे आहे' : संशोधन-मार्गदर्शनातील विलंबाची मीमांसा

१

पीएच.डी. पदवीसाठी होणाऱ्या संशोधनाची चर्चा आपल्याकडे बहुधा त्याच्या दोन टोकांशी होते. आरंभी विषय कसा निवडावा ह्याची चर्चा होते आणि अखेरीस प्रबंधाचा दर्जा घसरल्याची खंत व्यक्त होते. मधल्या काळाविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. संशोधकाने लिहिलेले प्रकरण मार्गदर्शकाच्या हाती गेल्यापासून ते अभिप्रायासह परत येईपर्यंत जो काळ लोटतो, तो ह्या मधल्या काळाचा सर्वांत मोठा भाग होय. अनेक प्रबंधांचे भवितव्य ह्याच काळात ठरते. कित्येक प्रबंध परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि त्यांचे अपयश कोणत्याही अहवालात दोष म्हणून नोंदले जात नाही.

हा प्रश्न सर्वत्र आहे. तथापि पालघर आणि बोईसर-तारापूर ह्या परिसरात त्याचे स्वरूप अधिक स्पष्टपणे दृष्टीस पडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी तेथील उच्च शिक्षणाचा कारभार मुंबई विद्यापीठाशी जोडलेला आहे. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक, शाळेत नोकरी करून संशोधन करणारी शिक्षिका, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा रसायनशास्त्राचा पदवीधर, ही येथील संशोधकाची नेहमीची रूपे होत. ज्यांचा मार्गदर्शक मुंबईत असतो, त्यांना एका भेटीसाठी रजा टाकावी लागते. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या आणि प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला, हे खरे. पण बोईसरहून सांताक्रूझला उतरून कालिन्याच्या विद्यानगरीत जावे आणि संध्याकाळपर्यंत परतावे, ह्यात कामाचा अख्खा दिवस खर्ची पडतो. इतके करून 'सर आज बैठकीत आहेत' एवढेच उत्तर हाती आले, तर त्या दिवसाचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा?

हा हिशेब मांडला जात नाही, ह्याचे कारण केवळ संशोधकाचा संकोच नव्हे. तो ज्या भाषेत आपली अडचण सांगतो ती भाषा, आणि संशोधनाचे नियमन करणारे नियम ज्या रीतीने लिहिले आहेत ती रीत, ह्या दोहोंतही विलंबाला कर्ता नसतो. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

२

एखाद्या संशोधकाला 'काम कुठवर आले?' असे विचारले असता जी उत्तरे मिळतात, ती भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहेत. 'प्रकरण सरांकडे आहे.' 'मॅडमना वेळ मिळालेला नाही.' 'सरांचे अजून वाचून झालेले नाही.' 'तीन महिने पडून आहे.' ही चारही वाक्ये नित्याच्या व्यवहारातील आहेत, आणि ती बोलणाऱ्याच्या मनात काहीही लपवण्याचा हेतू नसतो. तरीही वाचण्याची क्रिया ज्याने करावयाची ती व्यक्ती ह्यांपैकी एकाही वाक्यात प्रथमेत येत नाही.

पहिल्या वाक्यात कर्ता आहे 'प्रकरण'. ते कोठे आहे एवढेच सांगितले आहे. ते तेथे का आहे आणि त्याचे काय व्हावयाचे आहे, हे वाक्याच्या कक्षेबाहेर राहते. दुसऱ्या वाक्यात क्रियापद 'वेळ' ह्या नामाशी सुसंगत आहे आणि मार्गदर्शक चतुर्थीत गेला आहे. मराठीत भूक लागणे, ताप येणे, राग येणे अशा ज्या गोष्टी माणूस करीत नाही, तर त्याच्या वाट्याला येतात, त्या बहुधा ह्याच रचनेने सांगितल्या जातात. वेळ काढणे ही कृती आहे, वेळ मिळणे हा योग आहे. 'वेळ काढला नाही' असे न म्हणता 'वेळ मिळाला नाही' असे म्हटले, की कृतीचा अभाव हा दैवाचा भाग होतो.

तिसरे वाक्य सर्वांत उद्बोधक आहे. शालेय व्याकरणात ज्याला समापन कर्मणी प्रयोग म्हणतात, त्याचे हे नकारार्थी रूप होय. 'त्याचे जेवून झाले' ह्यात क्रिया आरंभ होऊन संपली असा अर्थ असतो. त्याला नकार जोडला म्हणजे समाप्तीचा निषेध होतो, आरंभाचा होत नाही. 'वाचून झालेले नाही' ह्यात वाचन चालू आहे, निदान सुरू झाले आहे, असे गृहीत धरले जाते; पहिले पान उलटलेले नसले तरी वाक्य खोटे ठरत नाही. त्यातच 'सरांचे प्रकरण वाचून झालेले नाही' असे कोणी म्हटले, तर षष्ठीचा संबंध वरवर पाहता प्रकरणाशी लागतो आणि संशोधकाने लिहिलेले प्रकरण सरांचेच होऊन बसते! चौथ्या वाक्यात तर माणूसच नाही. कागद आपणहून पडला आहे आणि महिने आपणहून गेले आहेत.

ह्यांच्या शेजारी 'सरांनी प्रकरण वाचले नाही' हे वाक्य ठेवून पाहावे. व्याकरणदृष्ट्या त्यात काहीही गैर नाही, आशयही तोच आहे. परंतु ते उद्धट वाटते. कोणताही संशोधक ते अर्जात लिहिणार नाही, आणि लिहिले तर ती तक्रार ठरेल. ज्येष्ठांविषयी बोलताना कर्ता झाकण्याची ही रीत मराठीत जुनी आहे, आणि ती सौजन्याची आहे. घरगुती व्यवहारात तिने कोणाचे नुकसान होत नाही. जेथे मुदत ठरलेली असते आणि ती चुकल्यास एकाच पक्षाचे नुकसान व्हावयाचे असते, तेथे मात्र हेच सौजन्य दुबळ्या पक्षाच्या विरुद्ध पुरावा बनते. कारण वर्षअखेरीस जो अहवाल लिहिला जातो, त्यात 'संशोधकाची प्रगती असमाधानकारक' असे वाक्य येते, आणि त्या वाक्यात मात्र संशोधकाचे नाव निःसंकोचपणे असते.

३

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. पदवीच्या किमान मानकांविषयी २००९, २०१६ आणि २०२२ अशी तीन वेळा नियमावली केली. ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने संशोधनाची किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल मुदत सहा वर्षे ठरवली. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात; महिला संशोधकांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्याहून दोन वर्षे अधिक सवलत आहे. एका वेळी प्राध्यापकाने आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाने चार संशोधकांनाच मार्गदर्शन करावे, अशी मर्यादा आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकाने नवा संशोधक घेऊ नये, असेही कलम आहे. प्रबंध सादर झाल्यावर मूल्यमापनाची सर्व प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

ह्या तरतुदी उपयुक्त आहेत आणि त्यांमागील हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्यांची रचना पाहता एक गोष्ट लक्षात येते. संशोधकाने काय करावे हे सांगणारी कलमे काळाने बांधलेली आहेत: अमुक सत्रात अभ्यासक्रम, प्रत्येक सत्रात प्रगतीचे सादरीकरण, अमुक वर्षांत प्रबंध. बाह्य परीक्षकांचे कामही काळाने बांधलेले आहे. मार्गदर्शकाविषयीची कलमे मुख्यतः त्याची पात्रता, त्याच्याकडील संशोधकांची संख्या आणि त्याची निवृत्ती ह्यांसंबंधी आहेत. हाती आलेला मसुदा किती दिवसांत वाचून परत करावा, ह्याविषयी त्यांत मुदत नाही. आधीचा आणि नंतरचा काळ मोजला जातो. मधला मोजला जात नाही.

त्याचा परिणाम साध्या गणिताने दाखवता येतो. एका प्रबंधाची सहा प्रकरणे धरली, प्रत्येक प्रकरण दोनदा मार्गदर्शकाकडे जाते असे मानले, आणि प्रत्येक वेळी त्याला तीन महिने लागले, तर छत्तीस महिने केवळ वाट पाहण्यात जातात. सहा वर्षांची अर्धी मुदत संशोधकाच्या हाती उरतच नाही. आयोगाची अधिछात्रवृत्ती असेल, तर तिची कनिष्ठ व ज्येष्ठ अशी दोन्ही रूपे मिळून पाच वर्षांत संपते, आणि प्रतीक्षेचे महिने त्यातूनच वजा होतात.

विलंबाची दाद मागण्यासाठी संशोधन सल्लागार समिती आहे, असे कोणी म्हणेल. प्रत्येक संशोधकासाठी अशी समिती असावी आणि त्याने दर सत्रात तिच्यापुढे कामाचा अहवाल द्यावा, ही तरतूद खरोखरच महत्त्वाची आहे. प्रगती समाधानकारक नसल्यास समितीने कारणे नोंदवावीत आणि उपाय सुचवावेत. संशोधकाने ते अंमलात आणले नाहीत, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही तिला करता येते. तथापि ह्या समितीचा निमंत्रक असतो तो त्या संशोधकाचा मार्गदर्शकच. म्हणजे ज्याच्याकडे प्रकरण पडून आहे, त्यानेच बोलावलेल्या बैठकीत, त्याच्याच समोर, 'प्रकरण पडून आहे' असे संशोधकाने सांगावयाचे. तेथे तो पुन्हा चतुर्थीचा आश्रय घेतो, ह्यात नवल ते काय?

४

विलंबाचे समर्थन करणारे तीन युक्तिवाद वारंवार ऐकू येतात. त्यांचा विचार केल्याशिवाय ही मीमांसा एकांगी होईल.

पहिला युक्तिवाद कामाच्या बोजाचा आहे, आणि तो बराचसा खरा आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास आणि त्यावरील अध्यापकांनी चौदा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. त्याखेरीज परीक्षा, उत्तरपत्रिका, मूल्यांकनाच्या समित्या आणि प्रसंगी निवडणुकीचे काम असते. रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत की उरलेल्यांवर हा भार दुप्पट होतो. शिवाय त्याच नियमांतील गुणपद्धतीत मार्गदर्शकाला प्रबंध सादर झाल्यावर पाच आणि पदवी मिळाल्यावर दहा गुण मिळतात. मधल्या वाचनाला गुण नाही. जे वाचन कोणी मोजत नाही ते मागे पडावे, हे स्वाभाविक आहे. ह्यावरून निष्कर्ष निघतो तो असा की वाचन मोजले गेले पाहिजे. त्याची मुदत नसावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरा युक्तिवाद स्वातंत्र्याचा आहे. मार्गदर्शकाने फार लक्ष घातले नाही म्हणजे संशोधक स्वतंत्रपणे विचार करावयास शिकतो, असे म्हटले जाते. ह्यात स्वातंत्र्य आणि मौन ह्यांची गल्लत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधील प्रबंधाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला, तेव्हा १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईस परतले. येथून त्यांनी तो सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. त्या काळी टपाल बोटीने जात असे. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला एडविन कॅनन ह्या त्यांच्या प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहिली, आणि तीत लेखकाच्या काही मतांशी आपला मतभेद असल्याचे नमूद केले. मतभेद नोंदवावयाचा तर आधी वाचावे लागते. विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याला कॅनन ह्यांच्या मतभेदाने बाध आला नाही; उलट त्याच्या मताला प्रतिपक्ष मिळाला. न वाचणारा मार्गदर्शक संशोधकाला प्रतिपक्षच मिळू देत नाही.

तिसरा युक्तिवाद परंपरेचा आहे. गुरूजवळ धीर धरावा, गुरूच्या सवडीने विद्या घ्यावी, असे आपले संस्कार सांगतात. ह्या परंपरेचा दाखला पालघर परिसरातच आहे. केळवे-माहीम ह्या तेथील गावचे शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर (१८९६-१९६८) हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, वारकरी संप्रदायाचे अधिकारी प्रवक्ते आणि ज्ञानेश्वरीचे संपादक. पालघरचे महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग ह्यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. ह्या संप्रदायात ग्रंथ शिकणे म्हणजे गुरूसमोर बसून ओवी ओवी लावणे होय. प्रवचनाची वेळ ठरलेली असते, वारीची तिथी ठरलेली असते, आणि त्या तिथीला गुरू आणि शिष्य दोघेही बांधलेले असतात. परंपरेने शिष्याकडून धीर मागितला तो गुरू समोर बसलेला असताना. गुरूच्या अनुपस्थितीला गुरुभक्तीचे नाव देणे हा त्या परंपरेवर अन्याय आहे.

५

विलंबाने संशोधकाचे नुकसान होते, हे सर्वांना मान्य असते. विषयाचेही नुकसान होते, हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. पालघर जिल्हा हा भाषाभ्यासाच्या दृष्टीने अतिशय समृद्ध प्रदेश आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या ज्या बोलींची नोंद आहे, त्यांत वारली, कातकरी, वाडवळी आणि सामवेदी ह्या ह्याच पट्ट्यातील आहेत. पुढे अ. मा. घाटगे ह्यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारलीचा स्वतंत्र अभ्यास झाला. किनाऱ्यावरील मांगेल्यांची बोली, डोंगरपट्टीतील कोकणांची बोली, ह्यांवर अजून पुष्कळ काम व्हावयाचे आहे.

परंतु ही सामग्री कपाटात ठेवलेली नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवण्यात आली, आणि २००५-०६ मध्ये ते संच सुरू झाले. बोईसरची औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि तिच्याबरोबर अनेक प्रांतांचे कामगार आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ह्या घटनांच्या इष्टानिष्टतेचा विचार येथे प्रस्तुत नाही. त्यांनी बोलींचे शेजार बदलतात, एवढेच पाहावयाचे आहे. गाव एका जागी असताना कोणती बोली कोणत्या आळीत बोलली जात होती, हे गाव उठल्यावर नकाशावरून सांगता येत नाही. मच्छीमारीच्या जाळ्यांची, वाऱ्यांची, भरती-ओहोटीच्या वेळांची जी शब्दसंपदा ऐंशी वर्षांच्या वृद्धेच्या मुखी आहे, ती तिच्या नातवाच्या मुखी असेलच असे नाही.

अशा विषयावरील संशोधकाचे प्रश्नावलीचे प्रकरण एक वर्ष अभिप्रायाविना राहिले, तर त्याला क्षेत्रकार्य सुरू करता येत नाही, किंवा चुकीच्या प्रश्नावलीने करावे लागते. पुढल्या वर्षी प्रश्नावली दुरुस्त होते. पण ज्यांना प्रश्न विचारावयाचे त्यांच्यापैकी काहीजण नाहीसे झालेले असतात. पदवीला मुदतवाढ मिळू शकते. निवेदकांच्या आयुष्याला ती मिळत नाही.

६

उपायांचा विचार करताना मार्गदर्शक बदलण्याचा सल्ला तत्परतेने दिला जातो. तो अखेरचा उपाय होय. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची पुढची नेमणूक, शिफारसपत्र, मौखिक परीक्षा, ह्या सर्वांत मार्गदर्शकाच्या मताला वजन असते, आणि हे वजन न जाणता दिलेला सल्ला धाडसाचा असला तरी शहाणपणाचा नसतो. बदल अटळच असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करावा. पाचव्या वर्षी केलेल्या बदलाने काळ वाचत नाही. त्याहून बरे म्हणजे नोंदणीपूर्वीच चौकशी करणे: ह्या मार्गदर्शकाकडे आज किती संशोधक आहेत, पूर्वीच्यांपैकी कितीजणांनी प्रबंध सादर केले, आणि त्याची निवृत्ती कधी आहे.

दरम्यान संशोधकाच्या हाती जे आहे ते पुढीलप्रमाणे. साठ पृष्ठांचे प्रकरण देऊन वाट पाहण्यापेक्षा दहा-बारा पृष्ठांचा भाग द्यावा आणि सोबत दोन-तीन निश्चित प्रश्न लिहून द्यावेत, 'कसे वाटले?' ह्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण असते, 'हे वर्गीकरण टिकते का?' ह्याला सोपे. प्रकरण मार्गदर्शकाकडे असताना ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर, शब्दसूची, संदर्भांची तपासणी अशी कामे चालू ठेवावीत. सहमार्गदर्शकाची तरतूद नियमांत आहे. तिचा उपयोग बेबनाव झाल्यावर न करता, विषयाच्या गरजेपोटी प्रारंभीच करावा. आणि प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचे पत्र पाठवावे: 'आजच्या भेटीत ठरल्याप्रमाणे आपण तिसरे प्रकरण २० तारखेपर्यंत पाहाल, आणि मी तोवर शब्दसूची पूर्ण करीन.' ह्या वाक्यात दोन कर्ते आहेत आणि दोघांना एकच तारीख आहे. त्यात तक्रार नाही, उद्धटपणा नाही, आणि सहा महिन्यांनी समितीपुढे जाताना ते हाताशी असते.

तथापि सर्व भार संशोधकावर टाकणे योग्य नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळी बदलते तेव्हा नोंदवहीत लिहून काम पुढच्या माणसाच्या स्वाधीन केले जाते. काय चालू आहे, काय बंद आहे, कोणी केव्हा हाती घेतले, हे तेथे लिहिलेले असते. त्या नोंदीला कोणी अविश्वास म्हणत नाही. दिवसा अशी नोंद करणारा माणूस रात्री प्रबंध लिहितो, आणि त्याचे तीन वर्षांचे काम मात्र कोणत्याही नोंदीविना हातोहात जाते, ही विसंगती विद्यापीठीय विभागांना शोभणारी नाही.

आयोगाने नियम बदलण्याची वाट न पाहता विभागांना दोन गोष्टी करता येतील. सत्राच्या प्रगती-अहवालाच्या नमुन्यात मसुदा दिल्याची तारीख आणि अभिप्रायासह परत मिळाल्याची तारीख असे दोन रकाने घालावेत, आणि ते दोघांनीही स्वाक्षरीने भरावेत. विलंबाचा प्रश्न चर्चेस येईल तेवढ्यापुरते समितीचे काम दुसऱ्या सदस्याने चालवावे. ज्या मार्गदर्शकांवर खरोखरच अतिरिक्त भार आहे त्यांनाही ह्या नोंदींचा लाभ होईल; रिकाम्या जागा भरण्याची मागणी करताना त्यांच्याजवळ तारखांचा पुरावा असेल. आणि ज्या संशोधकाला आजवर 'प्रकरण सरांकडे आहे' एवढेच सांगता येत होते, त्याला ते केव्हापासून आहे हेही अदबीने सांगता येईल.